शेवटची मॅच अठराव्या वर्षी

अमेरिकेतल्या हायस्कूल फुटबॉलबद्दल, म्हणजे हेल्मेट आणि पॅड घालून अंगावर धावून जायचा तो फुटबॉल, मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट कुठली असेल तर ही, की बहुतेक मुलांसाठी हा खेळ सतराव्या-अठराव्या वर्षी संपतो, आणि कायमचा संपतो. टेनिसची रॅकेट चाळिशीत परत उचलता येते, बास्केटबॉल संध्याकाळी चार मित्र जमले तरी होतो, पोहणं-पळणं तर म्हातारपणापर्यंत चालतं. पण हा खेळ तसा नाही. बावीस जण लागतात, हेल्मेट लागतं, पॅड लागतात, रोजची प्रॅक्टिस लागते, ॲम्ब्युलन्स आणि ट्रेनर लागतो आणि अंगात ती एक ठरावीक वर्षं लागतात. तिथे दरवर्षी साधारण दहा लाख मुलं हायस्कूलमध्ये हा खेळ खेळतात, त्यातली शंभरातली सातेक पुढे कॉलेजच्या टीममध्ये जातात, आणि कॉलेजवाल्यांमधले दोन टक्केसुद्धा एनएफएलपर्यंत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगपर्यंत, पोचत नाहीत. म्हणजे उरलेल्या त्र्याण्णव मुलांनी एका शुक्रवारी रात्री हेल्मेट काढलं की ते परत कधीच घालायचं नसतं.

बरं, ती शेवटची मॅच बहुतेकदा हरलेली असते. प्रत्येक राज्यात शाळांच्या आकारमानाप्रमाणे गट पाडलेले असतात, प्रत्येक गटाचे प्लेऑफ वेगळे, आणि प्लेऑफ म्हणजे एक मॅच हरली की बाहेर. एका गटात विजेती टीम एकच. मग प्लेऑफमध्ये गेलेल्या बाकी सगळ्या टीमांच्या सीनियर मुलांचं, म्हणजे बारावीतल्या मुलांचं, आयुष्यातलं फुटबॉल एका पराभवावर संपतं. त्या रात्री मैदानाच्या कोपऱ्यात चिखलाने माखलेली मुलं एक गुडघा टेकून अर्धगोलात बसतात आणि त्यांच्यासमोर एक माणूस उभा असतो, ज्याला आता काहीतरी बोलायचं असतं. असे व्हिडिओ मी खूप बघितलेत. कोणी स्कोअरबद्दल बोलत नाही. कोच सीनियर मुलांकडे बघतो, तोंड उघडतो, आवाज फुटत नाही, थांबतो, परत सुरू करतो. आणि हे तो दरवर्षी करतो, तीस-तीस चाळीस-चाळीस वर्षं, दर नोव्हेंबरला!

मला या माणसाबद्दल लिहायचंय. अमुक कोचबद्दल असं नाही, पण अमुक कोच घेतल्याशिवाय ते लिहिता येत नाही, म्हणून तिघा-चौघांबद्दल लिहिते.

आधी हे काम काय असतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं कोच म्हणजे शिट्टी आणि टोपी. तिथला शाळेचा कोच बहुतेक ठिकाणी आधी शिक्षक असतो. दिवसभर इतिहास नाहीतर पीटी नाहीतर गणित शिकवायचं, मग तीन-साडेतीनला मैदानावर. शिक्षकाचा पगार, आणि कोचिंगचे वर थोडे पैसे, जे तासांवर भागले तर हातात फारसं काही येत नाही (टेक्सासमधल्या मोठ्या शाळांची गोष्ट वेगळी, तिथे चांगला पगार मिळतो). सीझन ऑगस्टच्या उन्हात सुरू होतो, मॅच शुक्रवारी रात्री, शनिवारी सकाळी आदल्या रात्रीच्या मॅचचं फिल्म बघायचं, रविवारी पुढच्या टीमचं. आता सगळं फिल्म ऑनलाइन असतं, पण पूर्वी दोन शाळांचे कोच गाड्या काढून अर्ध्या वाटेवर भेटायचे आणि फिल्मची रिळं अदलाबदल करून घरी परतायचे. छोट्या शाळेत मैदानावरचे पांढरे पट्टे कोचच मारतो, जर्सी तोच धुतो. आणि मुलांचे मार्क! टेक्सासने १९८४ मध्ये कायदाच केला की नापास झालात तर खेळायचं नाही, बाकी राज्यांतही आपापले नियम आहेत, त्यामुळे कुणाचं बीजगणित अडलंय, कोण होमवर्क देत नाहीये, कुणाच्या घरी काय चाललंय, हे कोचला वर्गशिक्षकाच्या आधी माहीत असतं. सीझन संपला की जानेवारीपासून वेट रूम, म्हणजे वजनं उचलायची व्यायामाची खोली, उन्हाळ्यात सकाळी सहाला परत वेट रूम. वर्षाच्या मॅच किती, तर दहा, प्लेऑफ धरले तर पंधराएक. उरलेले साडेतीनशे दिवस बघायला कोणी नसतं.

आणि एक मुलगा कोचला मिळतो फक्त चार वर्षं. नववीत येतो, तेव्हा हेल्मेट डोक्यावर डुगडुगत असतं, बारावीत जातो. प्रोफेशनल कोचसारखं नाही की चांगला खेळाडू दहा वर्षं धरून ठेवला. इथे घडवला की गेला.

जॉन मॅकिसिक यांचं नाव तिथे कुणालाही विचारा. साउथ कॅरोलिनातल्या समरव्हिल हायस्कूलमध्ये ते १९५२ मध्ये लागले आणि २०१४ च्या सीझनपर्यंत एकाच शाळेत राहिले. त्रेसष्ट सीझन. ६२१ मॅच जिंकले, १० वेळा राज्याचं विजेतेपद. सहाशे विजयांचा टप्पा गाठणारे ते पहिले. आकडे वाचून आपण "बापरे" म्हणतो आणि पुढे जातो, मीपण आधी तेच केलं. पण माझं लक्ष थांबलं ते वेगळ्याच गोष्टीवर, की हा माणूस कुणालाही टीममधून काढायचा नाही. ज्याला यायचंय त्याने यावं, प्रॅक्टिस करावी, जर्सी घ्यावी. किरकोळ, जाडा, हळू, घाबरट, कुणीही. आता जरा विचार करा, जो कोच तोवर सगळ्यात जास्त जिंकला होता तोच कोच निवड करत नव्हता. आपल्याला कायम शिकवलं जातं की जिंकायचं तर चाळणी लावावी लागते, कमजोर आधीच बाजूला काढावे लागतात, आणि इथे बासष्ट-त्रेसष्ट वर्षांचा पुरावा उभा आहे की नाही, तसं काही करावं लागत नाही. मला तर वाटतं ती मुलं होती म्हणूनच ते जिंकले. चौदाव्या वर्षी जो मुलगा बारीक आणि हळू असतो तो सतराव्या वर्षी काय होईल हे चौदाव्या वर्षी कुणाला कळतं? आणि समजा तो सतराव्या वर्षीपण हळूच राहिला, तरी त्याने चार वर्षं रोज दुपारी समोरच्या स्टार्टरला, म्हणजे मॅचमध्ये पहिल्यापासून खेळणाऱ्या मुलाला, प्रॅक्टिसमध्ये टक्कर दिली की नाही? त्याच्यावर घासूनच तो स्टार्टर तयार झाला ना?

ए. जे. ग्रीन हा एनएफएलमध्ये गाजलेला रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) समरव्हिलचाच. पण ते कधी बेंचवरून न उठलेले, ज्यांच्या नावापुढे एकही टचडाउन, म्हणजे या खेळातला गोल, नाही, तेही "मी मॅकिसिककडे खेळलो" एवढंच म्हणतात आणि त्यात काही खोटं नसतं. मॅकिसिक यांच्यानंतर टीम त्यांच्या नातवाने हातात घेतली. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, ९३ व्या वर्षी ते गेले.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा वाटावा असा माणूस म्हणजे बॉब लॅडुसर. कॅलिफोर्नियातल्या कॉनकॉर्ड गावची डी ला साल ही कॅथलिक मुलांची शाळा, १९६५ मध्ये सुरू झाली आणि पुढची चौदा वर्षं एकाही सीझनमध्ये पराभवांपेक्षा विजय जास्त नव्हते. १९७९ मध्ये त्यांनी पंचविशीतला एक तरुण घेतला ज्याने आधी बालसुधारगृहात काम केलं होतं आणि हेड कोच म्हणून कुठेच काम केलं नव्हतं. त्याने शाळेत धर्म हा विषयही शिकवायला घेतला. २०१२ च्या सीझननंतर तो थांबला तेव्हा ३९९ विजय, २५ पराभव, ३ बरोबरी. आणि मधे १९९२ ते २००३, सलग १५१ विजय. त्याआधीचा देशातला विक्रम ७२ चा होता, मिशिगनमधल्या हडसन हायस्कूलचा. दुपटीच्याही पुढे गेले! बारा सीझन. त्या काळात कितीतरी मुलं नववीत आली आणि बारावी होऊन निघून गेली आणि त्यांनी शाळेला हरताना बघितलंच नाही.

मला या सगळ्यात आवडतात ती कागदाची छोटी कार्डं. त्यांच्याकडे प्रत्येक मुलगा आठवड्याला एका कार्डावर आपण काय करणार ते लिहायचा. वेटलिफ्टिंगमध्ये इतकं, प्रॅक्टिसमध्ये इतकं, मॅचमध्ये हे. मग मॅचच्या आधी सगळ्यांसमोर उभं राहून ते वाचायचं आणि कार्ड टीममधल्या एका मुलाच्या हातात द्यायचं. कोचच्या हातात नाही, हे महत्त्वाचं. पुढच्या आठवड्यात तो मुलगा सांगणार की झालं का नाही झालं. सोळा वर्षांचा मुलगा मोठ्या माणसाला फसवायला एका पायावर तयार असतो, पण शेजारी लॉकर असलेल्या मित्राला तोंडावर खोटं सांगणं त्याला जड जातं. लॅडुसर यांनी ते ओळखलं आणि स्वतःचा धाक मधून काढून घेतला. त्यांची टीम समोरच्यापेक्षा बऱ्याचदा अंगाने लहान असायची, खेळायचीही जुनीच पद्धत, पण चेंडू सुटला की अकराच्या अकरा एकदम हलायचे. ते बघून लोक म्हणायचे काय शिस्त आहे. मला ती शिस्तीपेक्षा एकमेकांची भीड वाटते, चांगल्या अर्थाने भीड.

आणि मग २००४. ऑगस्टमध्ये, नुकताच पास होऊन बाहेर पडलेला त्यांचा एक लाइनबॅकर (बचावातला खेळाडू), वय १८, ओरेगन विद्यापीठात फुटबॉल खेळायला निघायला दोन दिवस उरलेले, शेजारच्या रिचमंड शहरात गोळी घालून मारला गेला. तीन-साडेतीन आठवड्यांनी, ४ सप्टेंबरला, सिॲटलमध्ये बेलव्ह्यू नावाच्या शाळेने त्यांना ३९-२० असं हरवलं आणि ती मालिका संपली. बातम्यांमध्ये मालिका संपल्याचं दुःख खूप होतं. पण ज्यांनी दोन-तीन आठवड्यांपूर्वी मित्राला पुरलं होतं त्यांना १५१ या आकड्याचं काय वाटत असेल, हा विचार मनातून जात नाही. लॅडुसर स्वतः त्या आकड्याबद्दल कधी हौसेने बोलले नाहीत. त्यांच्या लेखी काम ते नव्हतंच.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण नाहीतर हे सगळं नुसतं गौरवगान होईल आणि ते खरं नाही. कोचच्या हातात जी सत्ता असते ती भयंकर असते. पंधरा वर्षांच्या मुलाला तो "अजून एक राउंड" म्हणाला तर मुलगा मारतो. चक्कर येत असली तरी मारतो, तहान लागली तरी मागत नाही, कारण सगळे बघतायत. २००८ च्या ऑगस्टमध्ये केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये एक पंधरा वर्षांचा मुलगा उन्हातल्या प्रॅक्टिसमध्ये पळता पळता कोसळला आणि तीन दिवसांनी गेला. कोचवर खटला झाला, २००९ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. कायद्याने जे ठरवायचं ते ठरवलं, मी त्यावर बोलणार नाही. पण तो मुलगा पळत राहिला, थांबला नाही, हे डोक्यातून जात नाही. त्याच २००९ साली वॉशिंग्टन राज्याने कायदा केला, की डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी मुलाला बाहेर बसवायचं आणि डॉक्टरने लेखी दिल्याशिवाय परत खेळवायचं नाही. त्यामागे एका तेरा वर्षांच्या मुलाची गोष्ट आहे, जो २००६ मध्ये डोक्याला लागल्यावरही त्याच मॅचमध्ये परत उतरला आणि कायमचा अपंग झाला. पुढच्या पाच वर्षांत पन्नासही राज्यांनी असे कायदे केले. उन्हातल्या प्रॅक्टिसचे नियमही बऱ्याच राज्यांत कडक झाले, सुरुवातीचे दिवस पॅडशिवाय, पाण्याचे ब्रेक सक्तीचे. म्हणजे जे चांगले कोच आपणहून करत होते ते कागदावर आणावं लागलं. चांगला कोच कुठे ओळखू येतो म्हणाल तर मला वाटतं इथे, आपला सगळ्यात चांगला खेळाडू चौथ्या क्वार्टरला हातापाया पडतोय की मला जाऊ द्या, मी ठीक आहे, आणि कोच मान हलवून म्हणतो बस खाली. मॅच गेली तर गेली.

आणि मोठं नाव असलेल्यांचंही सगळं सरळ नसतं. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहरात १९७१ मध्ये तीन हायस्कूलांची अकरावी-बारावीची मुलं एका शाळेत, टी. सी. विल्यम्समध्ये आणली गेली, काळी आणि गोरी मुलं एका टीममध्ये. हेड कोच म्हणून हर्मन बून या काळ्या कोचला नेमलं, आणि बिल योस्ट हे गोरे कोच, ज्यांना शहरात सगळे ओळखत होते आणि ती जागा त्यांनाच मिळेल असं धरून चालले होते, ते त्यांच्या हाताखाली असिस्टंट म्हणून राहिले. तेरा मॅच, तेरा विजय, राज्याचं विजेतेपद. त्यावर पुढे चित्रपट आला आणि बून देशभर माहीत झाले. पण १९७९ मध्ये याच बून यांना काढून टाकलं गेलं होतं, खेळाडूंना वाईट वागवतात अशा तक्रारी होत्या म्हणून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही. मला स्वतःला या कहाणीत योस्ट जास्त जवळचे वाटतात, ज्यांनी हक्काची वाटणारी जागा गेल्यावर शहर सोडलं नाही, टीम सोडली नाही, दुसऱ्याच्या हाताखाली डिफेन्स उभा केला. असा माणूस आपली चरफड कुठे ठेवत असेल? योस्ट मे २०१९ मध्ये गेले, बून डिसेंबरमध्ये. मॅकिसिक नोव्हेंबरमध्ये. एकाच वर्षात तिघं.

पण मी ज्यांच्यामुळे हे सगळं वाचायला लागले ते यातले कोणीच नाहीत. ते एड थॉमस.

आयोवा राज्यात पार्कर्सबर्ग नावाचं गाव आहे, वस्ती दोन हजारांच्या आत. मक्याची शेतं, चर्च, शाळा. शेजारच्या ॲप्लिंग्टनशी मिळून एक हायस्कूल. १९७५ मध्ये थॉमस तिथे आले आणि राहिले. सोशल स्टडीज शिकवायचे, रविवारी चर्चमध्ये शिकवायचे, आणि फुटबॉल. एकूण ३७ सीझन, २९२ विजय, ८४ पराभव, १९९३ आणि २००१ मध्ये राज्याचं विजेतेपद, २००५ मध्ये एनएफएलने त्यांना देशातला वर्षातला सर्वोत्तम हायस्कूल कोच म्हणून निवडलं. आणि या एवढ्याशा गावातून चार मुलं एकाच काळात एनएफएलमध्ये खेळत होती: जॅरेड डेव्हरीज, केसी वीगमन, ब्रॅड मीस्टर, ॲरन कॅम्पमन. मोठ्या शहरातल्या मोठ्या शाळांना एक जण देणं जमत नाही. पण त्या चौघांची जागा बघा. दोघं सेंटर, दोघं डिफेन्सिव्ह एंड. चौघंही लाइनमन. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक नाही, चेंडू घेऊन पळणारा नाही. जिथे चेंडू हातात येत नाही, टीव्हीचा कॅमेरा ज्यांच्याकडे बघत नाही, दर खेळीला समोरच्या दांडग्या माणसाला अंगाने अडवायचं आणि उठून परत तेच करायचं, त्या जागेवरची चार माणसं. वीगमन तर एनएफएलमध्ये सलग दहा हजारांहून जास्त खेळी एकही न चुकवता खेळला. हा योगायोग असेलही, पण मला नाही वाटत. ज्या कोचने ब्लॉकिंग, म्हणजे हे अडवणं, हेच काम इभ्रतीचं मानलं त्याच्याकडूनच अशी मुलं निघणार.

थॉमस यांना गवताचं वेड होतं. शाळेचं मैदान ते स्वतः सांभाळायचे, पाणी घालणं, कापणं, खत, सगळं, आणि गावातले लोक त्या मैदानाला पवित्र जमीन म्हणायचे, थोडं कौतुकाने, थोडं खरंच. मैदानाला नावही त्यांचंच आहे. मुलांना ते वारंवार सांगायचे की मी तुम्हाला नुसतं ब्लॉक करायला आणि टॅकल करायला शिकवलं असेल तर मी कोच म्हणून नापास झालो. असं बरेच कोच म्हणतात, खोटं कशाला बोला. पण त्यांना ते सिद्ध करून दाखवावं लागलं, तेही दोनदा.

पहिल्यांदा २५ मे २००८ ला. रविवार होता. सर्वात तीव्र वर्गातलं चक्रीवादळ, ज्याला तिथे टोर्नेडो म्हणतात, पार्कर्सबर्गवरून गेलं. त्या वादळात नऊ जण गेले, गावाचा दक्षिणेकडचा भाग सपाट झाला, हायस्कूल उद्ध्वस्त, थॉमस यांचं घरही गेलं. मैदानात काचा, पत्रे, खिळे, लाकडं, लोकांच्या संसारातल्या वस्तू. आणि या माणसाने तेव्हाच सांगून टाकलं की या वर्षीची आपली पहिली मॅच याच मैदानावर होईल. कोणी म्हणेल की घरं पडलीयत, माणसं गेलीयत आणि याला मैदानाची पडलीय. मलाही पहिल्यांदा वाचताना क्षणभर तसं वाटलं. पण नंतर उमगत गेलं की त्या लोकांना कुठलीतरी एक तारीख हवी होती. घर कधी उभं राहील सांगता येत नव्हतं, इन्शुरन्सवाले कधी येतील माहीत नव्हतं, शाळा पुढच्या वर्षी तरी होईल का कळत नव्हतं. एक तारीख फक्त पक्की होती. मग माणसं ओळीत उभी राहून वाकून वाकून मैदानातल्या काचा हाताने वेचायला लागली. गवताखाली रुतलेला एक तुकडासुद्धा मुलाच्या हातात घुसू शकतो, आणि यंत्राने ते निघत नाही, हातानेच काढावं लागतं. त्या सीझनची पहिली घरची मॅच तिथेच झाली.

दुसऱ्यांदा ते स्वतः नव्हते. २४ जून २००९, सकाळ. शाळेची नवी इमारत अजून तयार होत होती म्हणून वेट रूम तात्पुरती बसच्या शेडमध्ये होती, मुलं व्यायाम करत होती, थॉमस त्यांच्याबरोबर. त्यांचाच एक जुना खेळाडू आत आला आणि त्याने मुलांसमोर त्यांना गोळ्या घातल्या. त्या मुलाला गंभीर मानसिक आजार होता, काही दिवस आधी तो हॉस्पिटलच्या मनोरुग्ण विभागात होता. थॉमस ५८ वर्षांचे होते. पुढे खटल्यात तो दोषी ठरला, जन्मठेप झाली. मी त्याचं नाव लिहीत नाही, ते शोधलं तर सापडेल, पण माझ्या लिखाणाला त्याची गरज नाही.

गरज आहे ती पुढच्या गोष्टीची. त्या मुलाचं कुटुंब आणि थॉमस यांचं कुटुंब एकाच चर्चमध्ये जाणारे, जुने स्नेही. त्याचा धाकटा भाऊ त्या वेळी थॉमस यांच्याच टीममध्ये होता. आणि ज्या दिवशी वडील गेले त्याच दिवशी थॉमस यांचा मुलगा ॲरन कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला की आमच्यासाठी प्रार्थना करा तशी त्या कुटुंबासाठीही करा, तेही दुःखात आहेत. त्याच दिवशी! माणसाला अशा वेळी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. हे कुठून येतं? भाषणातून येत नाही एवढं मला माहितीये. घरात पंचवीस-तीस वर्षं कोणीतरी तसं वागलेलं डोळ्यांनी बघावं लागतं, हरल्यावर समोरच्या कोचशी हात कसा मिळवायचा इथपासून. २०१० मध्ये थॉमस कुटुंबाला धैर्यासाठीचा आर्थर ॲश पुरस्कार मिळाला, मोठमोठे खेळाडू समोर बसलेले, आणि मला तो पुरस्कार त्या धाकट्या भावामुळे कळतो. कारण त्याला ऑगस्टमध्ये परत मैदानावर यायचं होतं. ज्या मुलांच्या कोचला आपल्या सख्ख्या भावाने मारलं त्या मुलांमध्ये येऊन हेल्मेट घालायचं होतं. आणि तो आला, टीमने त्याला आपल्यात घेतलं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी! मोठ्या माणसांच्या गावात असं झालं असतं का, शंका आहे मला.

टीम कोणी चालवली? अल कर्न्स यांनी, जे कित्येक वर्षं थॉमस यांचे असिस्टंट होते. असिस्टंट कोच या माणसांबद्दल कोणी लिहीत नाही. योस्ट असोत की कर्न्स, आयुष्यभर दुसऱ्याच्या नावामागे उभे राहतात आणि एक दिवस अचानक पुढे यावं लागतं, तेही कुणी मागितलेलं नसताना. दोन महिन्यांत सीझन उभा करायचा होता, आणि मुलं रोज व्यायामाला कुठे जमणार, तो शेड तर आता बघवत नव्हता कुणाला. ऑगस्टच्या शेवटी पहिली मॅच झाली, देशभर टीव्हीवर दाखवली, आणि पार्कर्सबर्गची टीम ती जिंकली. ॲरनने वडिलांच्या जागी शाळेच्या खेळ विभागाची जबाबदारी घेतली. थॉमस यांच्या नावाने कुटुंबाने फाउंडेशन काढलं, ते शाळेतल्या मुलांना नेतृत्वाचं शिकवतं.

मी मनातल्या मनात एक हिशोब करत असते. २००९ च्या उन्हाळ्यात जी मुलं नुकतीच आठवी संपवून वेट रूममध्ये यायला लागली असतील, ती २०१३ मध्ये पास होऊन बाहेर पडली. त्यानंतर त्या शाळेत थॉमस यांच्या हाताखाली एक दिवससुद्धा गेलेला एकही विद्यार्थी राहिला नाही. चार वर्षांत शाळा कोचला विसरू शकते, तशी तिची रचनाच आहे, दरवर्षी एक वर्ग बाहेर, एक वर्ग आत. मग जे काही त्यांनी शिकवलं ते आता कुठे असेल? शाळेत नाही. ते चाळिशीच्या, पन्नाशीच्या, साठीला आलेल्या माणसांमध्ये आहे, जी पहाटे उठून मक्याच्या शेतात जातात, बँकेत बसतात, ट्रक चालवतात, कुणी स्वतः कुठल्यातरी शाळेत शिट्टी घेऊन उभी असतात. त्यातल्या बहुतेकांनी शेवटचं हेल्मेट अठराव्या वर्षी काढलं. त्यांची शेवटची मॅच बहुतेक हरलेली होती, आणि त्या रात्री थॉमस त्यांच्यासमोर उभे राहून काय बोलले ते त्यांना विचारलं तर त्यातले कितीतरी जण आजही सांगू शकतील, अशी माझी खात्री आहे.